सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण?



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनी आम्हांस भर रस्त्यात थांबवून विचारले, "अहो, व्याख्यानमाला म्हणजे ज्ञानयज्ञ. त्यात ही गुद्दागुद्दी कशाला?" प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांस एवढेच म्हटले की, आधी व्याख्यानाला या आणि मग भांडा. ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत आणि अद्याप उठून गेलेले नाहीत, हे आम्ही आमचे भाग्य समजतो.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र दिलेच पाहिजे. अमेरिकेत आणि इंग्लंडात न्हाव्याच्या दुकानापासून वर्तमानपत्राच्या कचेरीपर्यंत शंभरांहून अधिक वर्षे एक वाद चालू आहे : आजवरचा सर्वांत मोठा मुष्टियोद्धा कोण? आपल्याकडे तालमीच्या कट्ट्यावर गामाच्या नावाने असेच वाद रंगत आले आहेत. हा वाद निकामी माणसांचा आहे असे प्रथम आम्हांसही वाटे. पण वादातले दोन्ही मल्ल मृत असतात किंवा म्हातारे झालेले असतात. त्यांस पुन्हा समोरासमोर उभे करणे शक्य नसते. मग हाती उरते ती साक्ष. जुनी वर्तमानपत्रे, जुन्या फिती, लढतींच्या याद्या आणि ऐकीव कीर्ती. कोणाची साक्ष मानावयाची, कोणाची सोडावयाची आणि कोणाची साक्ष कोणी मुद्दाम उभीच राहू दिली नाही, हे पाहणे म्हणजे इतिहासच नव्हे काय?

हा वाद नवा नाही. थासोस बेटावरचा थिआगेनीस नावाचा ग्रीक मुष्टियोद्धा इ. स. पूर्व ४८० च्या ऑलिंपियात विजयी झाला. त्याने आयुष्यात चौदाशे मुकुट मिळविले, असे पॉसेनिअस लिहितो. त्या आकड्यावर विश्वास ठेवण्याची सक्ती आम्ही कोणावर करीत नाही. त्याच्या मरणानंतर त्याचा एक वैरी रोज रात्री येऊन त्याच्या पुतळ्यास चाबकाने फोडून काढी. एके रात्री पुतळा त्याच्या अंगावर पडला आणि तो मेला. वैऱ्याच्या मुलांनी पुतळ्यावर खुनाचा खटला भरला आणि पुतळा समुद्रात बुडविण्यात आला! पुढे दुष्काळ पडला, देववाणी झाली आणि पुतळा पुन्हा जागेवर आणावा लागला. आपल्याकडेही कंसाच्या रंगमंडपात बलरामाने ज्यास लोळविले त्या मल्लाचे नावच मुष्टिक. असो. पुराणात रमलो तर अली राहून जाईल.

आजचे मुष्टियुद्ध इंग्लंडात घडले. १७४३ साली जॅक ब्रॉटन याने पहिले नियम बांधले. त्या काळी मुठी उघड्या असत आणि एकजण खाली पडला की फेरी संपे. म्हणून १८८९ साली मिसिसिपीत जॉन सलिव्हन आणि जेक किलरेन यांची उघड्या मुठींची अखेरची मोठी लढत झाली तेव्हा तिच्या पंचाहत्तर फेऱ्या झाल्या. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती, पडलेल्यास दहा अंकांची मुदत ही व्यवस्था १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी आणली. तीही एकदम रुळली नाही. १९०६ साली जो गॅन्स आणि बॅटलिंग नेल्सन हे मोजे घालूनच लढले, पण बेचाळीस फेऱ्या लढले. पुढे पंधरा फेऱ्यांची मर्यादा पडली. आणि १९८२ साली लास व्हेगास येथे किम डुक-कू हा कोरियन तरुण मॅन्सिनीशी लढताना चौदाव्या फेरीत कोसळून मरण पावला, तेव्हा पंधराच्या बारा झाल्या. आता सांगा, पंचाहत्तर फेऱ्यांचा सलिव्हन आणि बारा फेऱ्यांचा आजचा विजेता हे एकाच खेळाचे खेळाडू आहेत काय? आम्हांस वाटते, नाहीत. म्हणून मोज्यांपूर्वीच्या वीरांना आम्ही दुरूनच नमस्कार करून पुढे जातो.

हा वाद एकदा यंत्राकडे सोपविण्यात आला होता. ती हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. १९६७ साली मायामीचा मरी वोरोनर नावाचा एक आकाशवाणी-निर्माता होता. त्याने सोळा हेवीवेट जगज्जेते निवडले, जाणकारांकडून त्यांच्या गुणदोषांना आकडे देवविले आणि ते सारे आकडे एका संगणकास घातले. यंत्राने कागदावर लढती लावल्या आणि त्यांचे धावते वर्णन आकाशवाणीवरून असे ऐकविण्यात आले की, जणू लढती खरोखरच चालू आहेत. अंतिम लढतीत रॉकी मार्सियानोने जॅक डेम्प्सीस तेराव्या फेरीत पाडले. त्याआधी १९१० सालीच निवृत्तीचा शेवट पाहिलेल्या जिम जेफ्रीसने मुहम्मद अलीस हरविल्याचे यंत्राने जाहीर केले होते.

अली तेव्हा जिवंत होता, तरुण होता, पराभव म्हणून काही त्याने पाहिलेला नव्हता. व्हिएतनामच्या युद्धावर जाण्यास नकार दिल्याबद्दल त्याचे पद काढून घेतले होते आणि त्यास रिंगणात उतरण्याचीही बंदी होती. त्याने वोरोनरवर दहा लक्ष डॉलरांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. तडजोड काय झाली? अली आणि मार्सियानो यांनी प्रत्यक्ष रिंगणात उतरून लुटुपुटीची लढत खेळावी, तिचे चित्रीकरण व्हावे आणि शेवट यंत्र सांगेल तो जोडावा. मार्सियानोस निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. त्याने मेहनतीने वजन उतरविले आणि टकलावर केसांचा टोप चढविला. एक-एक मिनिटाच्या सत्तरांवर फेऱ्या चित्रित झाल्या, निरनिराळे शेवट चित्रित झाले. कोणता शेवट लागणार हे दोघांपैकी कोणासच ठाऊक नव्हते. चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, मार्सियानो विमान-अपघातात वारला. दुसऱ्या दिवशी त्याचा शेहेचाळिसावा वाढदिवस होता. जानेवारी १९७० मध्ये चित्रपटगृहांतून ती फीत दाखविली गेली. अमेरिकेत तेराव्या फेरीत अली पडतो असा शेवट होता, तर युरोपात अली जिंकतो असा. ज्या गावी जो माल खपेल तो!

श्रोतेहो, यंत्राचा यात दोष नाही. ज्या माणसांनी त्यास आकडे पुरविले त्यांच्या आवडीनिवडी त्याने त्यांच्याच पदरात परत टाकल्या. पण ह्या खटाटोपात एक गोष्ट उघडी पडली, आणि तीच आमच्या व्याख्यानाचा गाभा आहे. यंत्रास दिलेल्या यादीत फक्त जगज्जेते होते. जगज्जेता होणे हे मोठेपणाचे प्रमाणपत्र धरले तर ज्यांस त्या पदासाठी लढूच दिले नाही, त्यांचे काय?

सलिव्हनने काळ्या माणसाशी लढण्यास उघड नकार दिला होता. पीटर जॅक्सन हा काळा मुष्टियोद्धा ऑस्ट्रेलियातून अमेरिकेत आला तो त्याच्याशी दोन हात करण्यासाठी. सलिव्हन सापडला नाही. १८९१ साली सॅन फ्रान्सिस्कोत जॅक्सन जिम कॉर्बेटशी एकसष्ट फेऱ्या लढला आणि निकाल लागला नाही. पुढल्याच वर्षी कॉर्बेट सलिव्हनला हरवून जगज्जेता झाला. जॅक्सनच्या वाट्याला ती लढत कधीच आली नाही. ही रंगरेषा तोडली टेक्ससच्या गॅल्व्हस्टन गावच्या जॅक जॉन्सनने. १९०८ च्या डिसेंबरात सिडनी येथे त्याने टॉमी बर्न्सला असे बडविले की चौदाव्या फेरीत पोलिसांना लढत थांबवावी लागली. मग गोऱ्या जगाने निवृत्त जेफ्रीसला त्याच्या शेतावरून ओढून आणले. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे पंधराव्या फेरीत जेफ्रीस कोसळला आणि त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली उसळल्या. माणसे मेली, त्यांत बहुतेक काळी. दोन वर्षांनी मुष्टियुद्धाच्या फिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास अमेरिकन सरकारने कायद्याने बंदी केली. एका माणसाचा विजय लोकांच्या डोळ्यांआड करण्यासाठी केलेला दुसरा कायदा आमच्या तरी वाचनात नाही. १९१३ साली जॉन्सनला एका गोऱ्या स्त्रीशी असलेल्या संबंधावरून शिक्षा ठोठावण्यात आली. ती शिक्षा माफ झाली २०१८ साली, तो मरून बहात्तर वर्षे झाल्यावर.

जॉन्सनच्या बचावाचे कौतुक आम्ही वाचले आहे, उरलेल्या फिती पाहिल्या आहेत, आणि त्या कौतुकात अतिशयोक्ती नाही. समोरच्याचा दंड हवेतच धरून त्याच्याशी हसत बोलणारा असा योद्धा विरळा. पण ह्या जॉन्सनच्या नावावरही एक डाग आहे. त्याचे नाव सॅम लँगफर्ड.

लँगफर्ड कॅनडातील नोव्हा स्कोशियाचा. उंची जेमतेम साडेपाच फूट, हात लांब, खांदे रुंद. १९०३ साली, विशीच्या आसपास असताना, त्याने हलक्या वजनाचा जगज्जेता जो गॅन्स यास हरविले. पद पणास लावलेले नव्हते एवढेच. मग वजन वाढत गेले तसतसा तो वरच्या गटांत चढत गेला आणि प्रत्येक गटात त्यास टाळणाऱ्यांची संख्याही वाढत गेली. १९०६ साली त्याच्याहून तीसएक रत्तल जड असलेल्या जॉन्सनशी तो पंधरा फेऱ्या लढला. जॉन्सन जिंकला, हे खरे. पण पुढे जगज्जेता झाल्यावर जॉन्सनने लँगफर्डला पुन्हा जवळ येऊ दिले नाही. पदासाठी काळ्या प्रतिस्पर्ध्याशी तो एकदाच लढला, १९१३ साली पॅरिसमध्ये, आणि तोही लँगफर्डहून पुष्कळच कमी प्रतीच्या माणसाशी. गोऱ्या आव्हानवीराशी लढण्यात पैसा होता, काळ्याशी लढण्यात धोका होता. ज्या दारावर स्वतः वर्षानुवर्षे ताटकळत उभे राहिलो ते दार आत गेल्यावर माणूस आपल्याच हाताने लावून घेतो, हे आपण इतरत्रही पाहतो. त्याची उदाहरणे देण्याचे हे स्थळ नव्हे.

१९१५ साली हवाना येथे जॉन्सन हरला आणि त्यानंतर बावीस वर्षे एकाही काळ्या माणसास हेवीवेट पदासाठी लढू देण्यात आले नाही. डेम्प्सीच्या काळात हॅरी विल्स दारात उभा होता. करारावर सह्याही झाल्या, लढत झाली नाही. १९५० साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने अर्धशतकातला सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा म्हणून डेम्प्सीची निवड केली. विल्सचे नाव ते मत देताना कितीजणांच्या मनात आले असेल? लँगफर्ड दृष्टी जात चालली तरी लढत राहिला, कारण दुसरा धंदा त्यास येत नव्हता. १९४४ साली न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनचा अल लेनी हा वार्ताहर त्याच्यावर लिहावे म्हणून शोधावयास निघाला, तेव्हा तो हार्लेममधल्या एका अंधाऱ्या खोलीत सापडला, संपूर्ण आंधळा आणि निष्कांचन. लेख छापून आल्यावर वाचकांनी वर्गणी जमविली आणि त्याची अखेरची वर्षे बऱ्यापैकी गेली. १९५६ साली तो वारला.

आणखी एका साक्षीदाराचा प्रश्न पाहू. पिट्सबर्गचा हॅरी ग्रेब हा गोरा होता, १९२३ पासून मिडलवेटचा जगज्जेताही होता. सुमारे तीनशे लढती तो लढला. १९२२ च्या मे महिन्यात त्याने जीन टनीस हरविले. हाच टनी पुढे डेम्प्सीस दोनदा हरवून हेवीवेट जगज्जेता झाला आणि त्याच्या उभ्या आयुष्यात त्याला हरविणारा ग्रेब हा एकटाच. ग्रेबचा एक डोळा तेव्हा निकामी झालेला होता. ते त्याने लपविले होते. १९२६ साली एका शस्त्रक्रियेनंतर तो बत्तिसाव्या वर्षी वारला. अशा ह्या माणसाच्या एकाही लढतीची फीत आज उपलब्ध नाही. सरावाची थोडीशी दृश्ये तेवढी आहेत. त्यात भर अशी की, त्या काळी काही राज्यांत पंचांनी निकाल देण्यासच कायद्याने मनाई होती. कोणी चीत झाला नाही तर लढत 'निकालाविना' संपे आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रवाले आपापला निकाल छापीत. एक पत्र म्हणे ग्रेब, दुसरे म्हणे समोरचा. ग्रेबच्या शेकड्यांनी लढतींची नोंद अशीच आहे. तेव्हा ग्रेब थोर होता असे म्हणणारा माणूस वस्तुतः वार्ताहर प्रामाणिक होते असे म्हणत असतो. आम्हांस हे धाडस होते. पण अर्धेच होते.

आता वजनाचा प्रश्न. लोकांच्या मनात सर्वश्रेष्ठ म्हणजे सर्वांत जड, असे एक बसलेले असते. तसे मानले तर वादाचे कारणच नाही. १८५ रत्तलांचा मार्सियानो आजच्या हेवीवेट गटात बसलाही नसता, त्यास एक पायरी खाली उतरावे लागले असते. मग आजचा सहा फूट नऊ इंचांचा टायसन फ्यूरी त्याहून मोठा म्हणावयाचा काय? १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले ते हलक्या वजनगटात. ते हलके म्हणून लहान, असे म्हणण्याची आपल्यापैकी कोणाची छाती आहे? त्याच हेलसिंकीत फ्लॉइड पॅटरसन नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने मुष्टियुद्धात सुवर्णपदक घेतले, तेही मिडलवेटमध्ये. चार वर्षांनी तो हेवीवेट जगज्जेता झाला. म्हणून जाणत्यांनी 'रत्तलास रत्तल' असा हिशेब काढला. दोघांचे वजन सारखे आहे अशी कल्पना करावयाची आणि मग कसब, वेग, ताकद आणि काळीज तोलावयाचे. हा हिशेब काल्पनिक आहे हे कबूल. पण निदान तो हत्तीस घोड्याशी झुंजवीत नाही.

ह्या हिशेबाने पाहता हेन्री आर्मस्ट्राँगचे नाव आदराने घेतलेच पाहिजे. आज सतरा-अठरा वजनगट आहेत, चार-चार संस्था आपापले पट्टे वाटतात, आणि कोण कशाचा जगज्जेता हे लक्षात ठेवावयास वेगळी वही लागते. १९३८ साली गट आठ होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आर्मस्ट्राँगकडे आठांपैकी तीन पदे एकाच वेळी होती : फेदरवेट, लाइटवेट आणि वेल्टरवेट. दोन वर्षांनी चौथ्यासाठी तो लढला आणि लढत बरोबरीत सुटली. हा पराक्रम पुन्हा कोणी केला नाही. त्याची शिखरावस्था मात्र तीन-चार वर्षांतच ओसरली.

जो लुईसबद्दल बोलावयाचे तर स्वतंत्र व्याख्यान हवे. १९३७ पासून १९४९ पर्यंत तो जगज्जेता होता, पंचवीस वेळा त्याने पद राखले. २२ जून १९३८ रोजी न्यूयॉर्कला त्याने जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपविले, तेव्हा त्यास रंग न पाहता सारी अमेरिका आपला म्हणाली. महायुद्धात लढतींची मिळकत त्याने लष्कराच्या मदतनिधीस दिली, आणि पुढे त्याच काळातील करांच्या थकबाकीसाठी सरकारने त्याचा पाठपुरावा केला. म्हणून तो सदतिसाव्या वर्षी पुन्हा रिंगणात उतरला आणि १९५१ साली मार्सियानोकडून दोरांबाहेर फेकला गेला. हेवीवेटमध्ये त्याच्याइतका अचूक ठोसा आम्ही दुसऱ्याचा पाहिलेला नाही.

आता अली. सभागृहात तरुण मंडळी चुळबुळ करू लागली आहेत ती त्याच्याचसाठी, हे आम्ही जाणतो. १९६० चे रोमचे सुवर्णपदक, १९६४ साली बाविसाव्या वर्षी सॉनी लिस्टनवर विजय, २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन येथे सैन्यभरतीस नकार. मग जवळजवळ साडेतीन वर्षे रिंगण बंद. मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यात पंचवीस ते अठ्ठावीस ही वर्षे म्हणजे मृगाचा पाऊस. तोच पाऊस ह्या माणसाने तत्त्वासाठी वाहून जाऊ दिला. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यास निर्दोष ठरविले, पण गेलेले पाय परत आले नाहीत. आणि इथेच त्याचे खरे मोठेपण दिसते, असे आमचे मत आहे. तरुण अली पायांवर तरंगत होता. परतलेल्या अलीस उभे राहून मार खावा लागला. १९७४ च्या ऑक्टोबरात किन्शासा येथे चाळीस लढतींत एकदाही न हरलेला जॉर्ज फोरमन त्याच्यापुढे होता. अली दोरांना पाठ लावून उभा राहिला, फोरमनला थकेपर्यंत मारू दिले आणि आठव्या फेरीत त्यास लोळविले. पुढल्या वर्षी मनिला येथे जो फ्रेझियरशी चौदा फेऱ्या. त्या लढतीची फीत आम्ही एकदाच पाहिली. पुन्हा पाहण्याचे धैर्य झाले नाही. १९८० साली तो भारतात आला होता, मद्रासला त्याने प्रदर्शनीय लढत दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात लॅरी होम्सने त्यास एकतर्फी बडविले. चार वर्षांनी कंपवाताचे निदान झाले.

अलीने स्वतःस सर्वश्रेष्ठ म्हणवून घेतले आणि जगाने ते मान्य केले. पण जगाने मान्य केले ते नेमके काय? १९९९ साली शतकातील श्रेष्ठ क्रीडापटू म्हणून बीबीसीने त्यास निवडले. त्याच वर्षी असोसिएटेड प्रेसने शतकातील श्रेष्ठ मुष्टियोद्धा निवडला, तेव्हा नाव निघाले शुगर रे रॉबिन्सन. दोन्ही निवडी आम्हांस बरोबर वाटतात. हातमोजे घातलेल्या माणसांत सर्वांत मोठा माणूस कोण, ह्या प्रश्नास अली हे उत्तर आहे. त्याचे हात खाली असत, ठोसा चुकविताना तो मागे कलत असे, पोटावर क्वचित मारी. हे दोष त्याच्या उंचीने आणि वेगाने झाकले. रॉबिन्सनच्या बाबतीत झाकण्याजोगे काही नव्हते.

रॉबिन्सनचे खरे नाव वॉकर स्मिथ. दुसऱ्या एका मुलाच्या नोंदणीपत्रावर लढला आणि तेच नाव चिकटले. १९४० ते १९६५ अशी पंचवीस वर्षे आणि दोनशे लढती. १९४३ च्या फेब्रुवारीत जेक लामोटाकडून तो प्रथम हरला. पुढची हार झाली थेट जुलै १९५१ मध्ये, लंडनला रॅन्डॉल्फ टर्पिनकडून. मधल्या एक्याण्णव लढतींत त्यास कोणीही हरवू शकले नाही. लामोटाशी तो सहा वेळा लढला आणि पाच वेळा जिंकला. वेल्टरवेटचे पद त्यास मिळाले डिसेंबर १९४६ मध्ये, खऱ्या अर्थाने त्यावर हक्क सांगून कित्येक वर्षे झाल्यावर. आणि मिडलवेटचे पद त्याने पाचदा जिंकले. १ मे १९५७ रोजी शिकागोला, छत्तिशीला दोन दिवस उरले असता, जीन फुल्मरवर त्याने मागे सरता सरता जो डावा ठोसा मारला तो जाणकार अजून हळूहळू चालवून पाहतात. मागे जाणाऱ्या माणसाच्या हातात एवढा जोर येतो कोठून? १९५२ च्या जूनमध्ये तो आपल्याहून जड जोई मॅक्सिमशी हेवीवेटच्या खालच्या पदासाठी लढला. त्या रात्रीचा उकाडा असा की आधी पंचच कोलमडला आणि दुसरा पंच आणावा लागला! रॉबिन्सन गुणांत पुष्कळ पुढे होता. तेराव्या फेरीनंतर तो आसनावरून उठू शकला नाही. दोनशे लढतींत फेऱ्या पुऱ्या न करता तो हरला तो एवढाच, आणि त्याही वेळी त्यास माणसाने हरविले की उन्हाळ्याने, याबद्दल दुमत आहे.

पण आमचा कौलही निष्कलंक नाही, हे आम्ही लपवीत नाही. चार्ली बर्ली नावाचा काळा मुष्टियोद्धा त्याच काळात, त्याच वजनात होता. त्यास कोणत्याच पदासाठी लढत मिळाली नाही, आणि रॉबिन्सनही त्याच्याशी लढला नाही. लँगफर्डची कहाणी पुन्हा घडली ती अशी. शिवाय रॉबिन्सनची सर्वोत्तम वर्षे म्हणजे वेल्टरवेटची. त्यांतल्या फारच थोड्या लढतींच्या फिती उरल्या आहेत. आपण पाहतो तो उतरणीला लागलेला रॉबिन्सन. म्हणजे ग्रेबविषयी घेतलेला आक्षेप आमच्यावर काही अंशी उलटतो.

आणि जिमी डॉयल. २४ जून १९४७, क्लीव्हलंड. लढतीच्या आदल्या रात्री रॉबिन्सनला स्वप्न पडले की डॉयल आपल्या हातून मेला. त्याने लढण्यास नकार दिला. तेव्हा एका धर्मगुरूस बोलावून त्याची समजूत घालण्यात आली. आठव्या फेरीत डावा ठोसा लागला, डॉयल पडला आणि दुसऱ्या दिवशी वारला. चौकशीत रॉबिन्सनला विचारले गेले की, डॉयल अडचणीत आहे हे तुझ्या लक्षात आले होते काय? समोरच्यास अडचणीत आणणे हाच आपला धंदा आहे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. ते उत्तर वाचून लोक संतापले. आम्हांस मात्र ह्या साऱ्या वादात त्याहून प्रामाणिक वाक्य आढळलेले नाही. पुढल्या लढतींच्या पैशातून त्याने डॉयलच्या आईची सोय लावून दिली. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर मारामुळे होणाऱ्या विकाराचे वर्णन हॅरिसन मार्टलंड या वैद्याने १९२८ सालीच छापले होते. तेव्हा कोणास काही ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. रॉबिन्सन स्वतः अखेरच्या वर्षांत स्मृती हरवून बसला आणि १९८९ साली वारला.

नंतरच्यांविषयी थोडक्यात. फ्लॉइड मेवेदर पन्नास लढती जिंकून अपराजित राहिला. बचावात तो जॉन्सनच्या पंक्तीला बसतो, पण पन्नास आणि दोनशे यांत फरक आहे. फिलिपीन्सच्या मॅनी पॅकियाओने आठ गटांत पदे जिंकली, हे अचाट आहे, मात्र गटांची गर्दी झाल्यानंतरचे आहे. युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने २०२४ साली फ्यूरीला हरवून हेवीवेटची चारही पदे एकत्र केली. आपल्याहून पुष्कळच जड माणसास जो असे बुद्धीने हरवितो त्याच्याविषयी आम्हांस लँगफर्डची आठवण होते.

तेव्हा आमचा कौल रॉबिन्सनच्या बाजूने आहे, आणि विरुद्ध बाजूची साक्ष आम्ही आपल्यापुढे ठेवली आहे. पहिल्या रांगेतील आमच्या स्नेह्यांस आता भांडण्याची पूर्ण मुभा आहे. त्यापूर्वी एक प्रसंग सांगतो, तो स्वतः अलीनेच पुढे सांगितला. १९६० साली रोमला जाताना अठरा वर्षांचा तो पोरगा न्यूयॉर्कमध्ये थांबला होता. हार्लेममध्ये, जेथे सोळा वर्षांपूर्वी आंधळा लँगफर्ड सापडला होता त्याच वस्तीत, रॉबिन्सनचे उपाहारगृह होते. त्याच्या दाराशी तो दिवसभर उभा राहिला. शेवटी रॉबिन्सन आला. पोराने आपले नाव सांगितले, आपण ऑलिंपिकला चाललो आहोत आणि एक दिवस हेवीवेट जगज्जेता होणार आहोत, असे सांगितले. रॉबिन्सनने त्याच्याकडे नीट पाहिलेही नाही. घाईत दोन शब्द बोलून तो आत निघून गेला. अलीस त्याचे फार वाईट वाटले. पण पुढे आयुष्यभर, स्वतःस सर्वश्रेष्ठ म्हणवीत असतानाही, रॉबिन्सनचे नाव निघाले की तो म्हणे, आमचा राजा तो.